कणसातला लाकूडखाऊ

भाजलेल्या कणसाचा पहिला दाणा काढायला किती झटापट करावी लागते! सगळे दाणे एकमेकांना खेटून बसलेले. नख घालायलाही जागा नाही. एकदा एक निघाला की मग पुढचे पटापट येतात. आपल्याला ही दाटीवाटी नको वाटते, पण तीन-चार मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा नेमकी तीच शोधत असतो.

त्याचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. म्हणजे मक्याचंही माहेर तेच! पण या भुंगेऱ्याचं घराणं लाकूड पोखरणाऱ्यांचं आहे. जंगलात तो वाळक्या फांद्यांमध्येही राहतो. अंग नळकांड्यासारखं गोल आणि डोकं खाली वळवलेलं, इतकं की वरून पाहिलं तर स्वारीला डोकंच नाही असं वाटावं. जबडे मात्र लाकूड कुरतडणारे.

आता एक प्रयोग मनातल्या मनात करा. फरशीवर सुटी गोटी ठेवायची आणि हात न लावता तिला भोक पाडायचं. जमेल? ती घरंगळत जाणार. सुट्या दाण्यांच्या ढिगात या भुंगेऱ्याची हीच पंचाईत होते. जबडा रोवायचा तर पायाला टेकू हवा आणि दाणाही जागचा हलता कामा नये. कणसावर मात्र दाण्याला शेजाऱ्यांनी चारी बाजूंनी पकडून ठेवलेलं असतं. मग काय, एका दाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरळ बोगदा! खाणं थोडं, नासधूसच फार. बोगद्यांमधून पांढरं पीठ सांडत राहतं. मादी आत अंडी घालते आणि हवा उबदार, दमट असली तर महिन्याभरात पुढची पिढी कामाला लागते.

आफ्रिकेतल्या टांझानियात हा पाहुणा १९७०च्या दशकाच्या शेवटी पोहोचला, बहुधा बाहेरून आलेल्या मक्याबरोबर. तबोरा भागातल्या शेतकऱ्यांनी त्याला आधी पाहिलं. लोक त्याला ‘डुमुझी’ म्हणू लागले. तिथे मका सालीसकट साठवायची जुनी रीत आहे. काठ्यांनी विणून मातीनं लिंपलेल्या कणगीत, म्हणजे तिथल्या ‘किहेंगे’त कणसं भरायची, नाहीतर चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायची. रीत काही वेडगळ नव्हती हं! आपल्याकडे तांदळात-गव्हात सोंडकिडे होतात ना, त्यांचा एक भाऊबंद मक्यावर असतो. सोंडेनं दाण्याला भोक पाडून आत अंडं घालायचं आणि वरून भोक बुजवून टाकायचं, ही त्याची युक्ती. घट्ट सालीमुळे तो बराचसा बाहेर राहायचा.

डुमुझीला साल म्हणजे किस झाड की पत्ती! काही ठिकाणी तर थोड्याच महिन्यांत मक्याचं वजन एक तृतीयांशानं घटलं. वाळवलेल्या कसाव्याच्या कंदांचंही त्यानं पीठ केलं. मका संपला तरी तो कणगीच्या लाकडातच मुक्काम ठोकू शकतो. पुढच्या हंगामाची कणसं आली की हजर!

मग मायदेशी याला कोण आवरत होतं? शास्त्रज्ञांना तिथे एक काळा, चिमुकला भुंगा सापडला. तो डुमुझीची अंडी आणि अळ्या खातो. आणि त्यांना हुडकतो कसा, ते ऐकाच. डुमुझीच्या नराला चांगलं खाणं मिळालं की तो एक वास सोडतो. ‘या, या, इथे मेजवानी आहे!’ त्या वासानं इतर डुमुझी येतात आणि मागोमाग हा शिकारीही येतो. घरचं आमंत्रण चोरानं वाचावं तसलीच गंमत. हा शिकारी १९९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोत मुद्दाम सोडला गेला. मग इतर देशांनीही त्याला नेलं. काही भागांत त्यानं छान काम केलं, काही ठिकाणी फारसं नाही.

शेतकऱ्यांना एक सल्लाही मिळाला: कणसं सोलून दाणे सुटे करा. डुमुझीचा टेकूच गेला! पण सुटे दाणे म्हणजे सोंडकिड्याला रान मोकळं. त्यातून डुमुझीला मारणारं औषध सोंडकिड्याला पुरेसं लागू पडेना आणि सोंडकिड्याचं औषध डुमुझीला. शेवटी दोन्ही औषधं एकत्र करून त्यांची भुकटी दाण्यांत कालवायला सुरुवात झाली.