सोर्सच्या सूचीचा मागोवा

डेबियन या लिनक्स वितरणाने १९९७ साली आपला सामाजिक करार जाहीर केला, तेव्हा प्रत्येक प्रोग्रामसोबत त्याचा सोर्स कोड असलाच पाहिजे ही अट त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत होती. हजारो पॅकेजांच्या बाबतीत हा शब्द रोज पाळला जातो, याचं श्रेय आपण सहसा परवान्यांना देतो. मला वाटतं, त्यातला मोठा वाटा ‘सोर्सेस’ नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलचा आहे. परवाना सोर्स मिळवण्याचा हक्क देतो. कोणत्या बायनरीमागे नेमका कोणता सोर्स आहे आणि तो कुठे ठेवलाय, हे ही सूची सांगते. ती चुकली की हक्क कागदावरच राहतो.

सूची तयार करण्याचं मूळ काम दिसायला किरकोळ आहे. प्रत्येक सोर्स पॅकेजसोबत एक डीएससी फाइल असते. तिच्यात नाव, आवृत्ती, बिल्डसाठी लागणाऱ्या पॅकेजांची यादी, टारबॉलची नावं व त्यांचे चेकसम असतात आणि वर देखभाल करणाऱ्याची सही. ‘डीपीकेजी-स्कॅनसोर्सेस’ हे साधन डिरेक्टरीतल्या अशा फाइली वाचतं, सही बाजूला काढतं, ‘सोर्स’ या रकान्याचं नाव ‘पॅकेज’ करतं, डिरेक्टरीचा पत्ता जोडतं आणि खुद्द डीएससीलाही फाइलींच्या यादीत बसवतं. पण डिसेंबर २००० मध्ये डेबियनने पॅकेज पूल आणला आणि या किरकोळ कामाचं वजन बदललं. त्याआधी फाइल कोणत्या रिलीजची, हे ती ज्या डिरेक्टरीत असे तिच्यावरून कळे. आता, उदाहरणार्थ, ‘हॅलो’ या पॅकेजच्या सगळ्या आवृत्त्या एकाच डिरेक्टरीत, शेजारी शेजारी असतात; त्यातली कोणती स्टेबलमधली आणि कोणती टेस्टिंगमधली, हे फक्त सूची ठरवते. थोडक्यात, सूची म्हणजेच रिलीज झालं. पसारा वाढला तसं दर वेळी सगळं नव्याने वाचणं परवडेना. ‘ॲप्ट-एफटीपीआर्काइव्ह’ आधी काढलेले चेकसम कॅशमध्ये ठेवतं, तर डेबियनच्या मुख्य आर्काइव्हची ‘डाक’ ही प्रणाली सूची थेट पोस्टग्रेस डेटाबेसमधून लिहिते.

२००७ च्या ‘एच’ रिलीजपासून ॲप्ट हे पॅकेज उतरवणारं साधन सह्या तपासू लागलं आणि सूचीवर आणखी एक जबाबदारी आली. सही होते ती रिलीज फाइलवर. तिच्यात सोर्सेसचा चेकसम, सोर्सेसमध्ये टारबॉलचा. या साखळीची मधली कडी सूचीच आहे, म्हणून एमडी५ कमकुवत ठरल्यावर तिच्यात एसएचए-२५६ येणं अटळ होतं.

बहुतेक लोक सोर्स कधी उतरवतच नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. पण ते जी बायनरी वापरतात, तीच सोर्समधून बनते. २०१९ मध्ये ‘बस्टर’ या रिलीजनंतर डेबियनने ठरवलं की देखभाल करणाऱ्याने आपल्या मशीनवर बनवून चढवलेली बायनरी टेस्टिंगमध्ये जाणार नाही, बिल्ड सर्व्हरवर बनलेलीच जाईल. दुसरं म्हणणं असं, की आता सगळं गिटमध्ये असताना टारबॉलची सूची कालबाह्य आहे. गिटमध्ये इतिहास असतो हे खरं. पण आर्काइव्हने बिल्डसाठी नेमकं काय घेतलं, याची नोंद सूचीतच असते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा हा फरक लख्ख दिसला: ती कार्यान्वित करणारा बिल्डचा तुकडा प्रकाशित टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता.

इथेच सर्वांत वजनदार आक्षेप येतो. त्या टारबॉलचा चेकसम बिनचूक होता, सूचीने तो इमानाने छापला आणि विष अनस्टेबल व टेस्टिंगपर्यंत पोचलं. हे नाकारता येत नाही. सोर्सचा हेतू तपासणं सूचीच्या आवाक्यातलं नाही. ते माणसांनी सोर्स वाचूनच व्हायचं. पण दूषित फाइल नेमकी कोणती आणि ती कोणत्या आवृत्तीत शिरली, हे शोधताना अंदाज बांधावे लागले नाहीत. माघारही सूचीतूनच घेतली गेली. ॲप्ट मोठा आवृत्ती क्रमांक नवा मानतं, म्हणून जुना, निर्धोक सोर्स ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ या क्रमांकाने चढवला गेला आणि नेहमीचं अपडेट करणाऱ्याच्या मशीनवर आपोआप पोचला.