‘कालिया मर्दन’मधील बाळकृष्ण

ज्याचे सामर्थ्य सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडचे आहे, अशा नायकाचे काम कोणाला द्यावे, हा प्रश्न चित्रपटाच्या व्यवसायात नेहमीच बिकट ठरत आला आहे. पहिला पट लोकांनी डोक्यावर घेतला आणि त्याच नायकाचा पुढला पराक्रम दाखवावयाचा झाला, म्हणजे तर तो अधिकच बिकट होतो. अमेरिकेतील ‘सुपरमॅन’ १९७८ मध्ये आला व त्याचा दुसरा भाग १९८० मध्ये. दोहोंत ख्रिस्तोफर रीव्ह हा तोवर फारसा नाव नसलेला नट होता. त्याने खांदे पाडले की तो बुजरा बातमीदार दिसे, आणि ते ताठ केले की तोच आकाशगामी वीर होई. चष्म्यापेक्षा ही किमया पाठीच्या कण्याची अधिक होती. परंतु या गोष्टीचा विचार नाशिकला त्यापूर्वी साठ वर्षे होऊन गेला होता.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तरीही ही अडचण एकदम संपली नाही. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके यांनीच राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली. रामप्रभू पडद्यावर येताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असे सांगतात. सीतेच्या दंडाकडे बारकाईने पाहणाऱ्यांना तो पुरुषाचा आहे हे कळल्यावाचून राहत नसेल. पण भाविकांनी तिकडे डोळेझाक केली असावी.

१९१८ मध्ये फाळके यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीकडून ‘श्रीकृष्ण जन्म’ काढला. यात बाळकृष्ण झाली ती त्यांची स्वतःची कन्या मंदाकिनी. दुसऱ्याच वर्षी, १९१९ मध्ये, ‘कालिया मर्दन’ आला आणि त्यातही कृष्ण तीच होती. याला आजच्या अर्थाने दुसरा भाग म्हणावे की नाही, याविषयी वाद घालता येईल. परंतु नायक तोच, ते काम करणारी मुलगी तीच आणि पहिल्या पटाने तयार केलेला प्रेक्षकही तोच, एवढे जुळल्यावर नावाचा आग्रह कशाला धरावा? शिवाय मुले वाढतात. साळुंके यांना दहा वर्षे सीता करता आली असती. सात वर्षांच्या मुलीला बाळकृष्ण मात्र फार दिवस करता येत नाही. जे करावयाचे ते त्वरेने करणे भाग होते.

या पटाचा आरंभ मोठा विलक्षण आहे. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके प्रेक्षकांपुढे कृष्णाला आणीत नाहीत, मंदाकिनीला आणतात. सात वर्षांच्या मुलीच्या मुद्रेवरील भाव पाहा, अशा आशयाची पाटी येते. त्यानंतर ती मुलगी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखविते आणि मग पाहता पाहता तिच्या जागी मोरमुकुटधारी कृष्ण उभा राहतो. ‘केळफा’ हे आपल्याच नावाचे उलटे रूप धारण करून जादूचे प्रयोग केलेल्या माणसाने हे करावे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जादूगार सहसा आपली पेटी आधी उघडून दाखवीत नाही. येथे तो सांगतो, ही माझी मुलगी, हे तिचे सोंग. आता विश्वास ठेवा. आणि प्रेक्षक विश्वास ठेवतो.

तो का ठेवतो, याचे उत्तर पुढील प्रसंगांत मिळते. मंदाकिनीच्या कृष्णाला देवपणाचा आव नाही. लोणी पळविताना, सवंगड्यांना ते वाटून देताना, किंवा निजलेल्या सावकाराची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधताना ती निखळ मूल आहे. खोडी साधल्याचा आनंद तिच्या डोळ्यांत उतरतो. म्हणूनच तो कृष्ण यमुनेत उडी घेतो आणि काठावर गोकुळ आक्रोश करू लागते, तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात धस्स होते. बुडाला तो जगन्नाथ नव्हे, एक पोर होय. डोहातील कालियाशी झुंज ही युक्तीच्या छायाचित्रणाची करामत आहे आणि आजच्या डोळ्यांना तो कृत्रिम सर्प ओळखू येतो. मुलीचा चेहरा मात्र जुना होत नाही. सर्पाच्या फणेवर ती नाचू लागते तेव्हा तिच्याकडे पराक्रमाचा गर्व नसतो, खेळ जिंकल्याचे हसू असते.

मूकपट असल्यामुळे त्या कृष्णाला कोणतीच भाषा परकी नव्हती. बिदर जिल्ह्यातील निर्ण्यासारख्या मराठी-कानडी मुलखात एकनाथांच्या गौळणी जाणणाऱ्याला तो जितका ओळखीचा वाटावा, तितकाच पुरंदरदासांची पदे जाणणाऱ्यालाही. बोलपट आला आणि हिशेब बदलला. ‘प्रभात’ने १९३८ मध्ये ‘गोपालकृष्ण’ काढला, तेव्हा कृष्ण झाले राम मराठे. पुढे ते नामांकित गवई झाले, यावरून त्या निवडीत गळ्याला काय मोल होते हे समजते. मुद्रेवर सारा भार टाकण्याची गरज उरली नव्हती.

फाळके यांचे बहुतेक पट काळाच्या ओघात नष्ट झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. तेथील पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून ज्या फिती मिळविल्या, त्यांमुळे ‘कालिया मर्दन’चा बराच भाग पुन्हा पाहावयास मिळाला. ‘श्रीकृष्ण जन्म’चे मात्र थोडेच तुकडे उरले आहेत. त्यामुळे पहिल्या पटातील बाळकृष्ण व दुसऱ्यातील बाळकृष्ण शेजारी ठेवून, एका वर्षात त्या मुलीचे काम किती पुढे गेले, हे पडताळून पाहण्याची सोय आता राहिलेली नाही.