मुंग्यांची घरटी, नासिक परिसरातील

मुंग्यांची वसाहत जेथे राहते, अळ्या जेथे वाढविल्या जातात व अन्न जेथे साठविले जाते, त्या रचनेस मुंग्यांचे घरटे म्हणतात. मुंग्यांचा समावेश हायमेनॉप्टेरा गणाच्या फॉर्मिसिडी कुलात होतो. जगात त्यांच्या सुमारे १४,००० व भारतात ८०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. बहुतेक जातींची घरटी जमिनीत किंवा दगडाखाली असून बाहेरून केवळ एक छिद्र दिसते. काही घरटी मात्र इतकी निराळी असतात की, ती मुंग्यांची आहेत हे चटकन ध्यानात येत नाही. नासिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो. पूर्वेकडील सिन्नर, येवला व नांदगाव हे तालुके पर्जन्यछायेत येतात. त्यामुळे झाडांवरील घरटी मुख्यतः पश्चिमेस, तर उघड्या माळावरील घरटी पूर्वेस पाहण्यास मिळतात.

वारूळ व घरटे : व्यवहारात मातीच्या उंच ढिगास वारूळ म्हणतात व ते मुंग्यांनी बांधले असे समजतात. नागपंचमीस पुजले जाणारे असे वारूळ बहुधा वाळवीचे असते. वाळवी मुंग्यांच्या कुलातील नसून झुरळांची जवळची नातेवाईक आहे. वाळवीच्या वारुळाचे कवच कठीण व बंद असते आणि दिवसा त्यावर वर्दळ दिसत नाही. कवचाचा तुकडा काढल्यास फिकट, मऊ शरीराचे व कमरेशी न आवळलेले कीटक दिसतात. आत कवकाच्या बागाही आढळतात. मुंगीची कंबर बारीक व शृंगिका कोपरासारखी वाकलेली असते. सोडून दिलेल्या वारुळात मुंग्या राहावयास येतात. म्हणून रहिवासी व बांधणारा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

जमिनीवरील घरटी : माळरानावर तोंडाभोवती गवताच्या बियांच्या टरफलांचे कडे दिसल्यास ते धान्य गोळा करणाऱ्या मुंग्यांचे घरटे होय. ट्रायकोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स ही अशी एक जाती आहे. पावसाने भिजलेले बी या मुंग्या बाहेर आणून उन्हात वाळवितात. पुणे येथे हा प्रकार पाहून कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी संबंधित मुंगीचे वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध केले. ती आज फिडोल प्रजातीत गणली जाते. याच प्रजातीतील फिडोल सायकेसी या जातीच्या नावात साइक्स यांचे नाव आहे. तिच्या घरट्याच्या तोंडाभोवती मातीच्या भिंती एकाबाहेर एक अशा उभ्या असतात व वरून पाहता ते उमललेल्या फुलासारखे दिसते. वाहते पाणी आत शिरू नये, हा या भिंतींचा उपयोग असावा.

डायकॅमा प्रजातीच्या घरट्याचे तोंड पिसे, काड्या व मृत मुंग्यांचे अवशेष यांनी वेढलेले असते. हा कचरा नव्हे. कोरड्या दिवसांत पिसांवर दव साचते व मुंग्या ते पाणी टिपून नेतात. मार्क मॉफेट यांनी भारतातील मुंग्यांची ही पद्धत १९८५ मध्ये वर्णिली. बारीक मातीतील नरसाळ्यासारखा, तळाशी छिद्र नसलेला खड्डा मात्र घरटे नसून, मुंग्या पकडून खाणाऱ्या मुंगी-सिंह या कीटकाच्या अळीचा सापळा असतो.

झाडांवरील घरटी : क्रिमॅटोगॅस्टर प्रजातीतील काही जाती चावलेले वनस्पतितंतू व स्राव यांपासून पुठ्ठ्यासारखे, काळपट तपकिरी गोळे फांदीवर बांधतात. गांधीलमाशीच्या घरट्यात षट्कोनी कप्पे असतात. येथे एकमेकांवर आलेले अनियमित पापुद्रे दिसतात. डिवचल्यास या मुंग्या बदामाच्या आकाराचे उदर पाठीवर उचलतात. तांबूस सुतार पक्षी अशाच घरट्यात पोखरून आपली अंडी घालतो. विणकर मुंगी (इकोफायला स्मॅरॅग्डिना) हिरवी पाने ओढून धरते व अळीच्या मुखातून निघणाऱ्या रेशमाने ती जोडते. कोकण व सह्याद्रीच्या दमट पट्ट्यात अशी पानांची घरटी परिचित आहेत.

ओळखण्याची रीत : प्रथम स्थान, बांधणीचे द्रव्य, तोंडाचा आकार आणि बाहेर टाकलेला कचरा पाहावा. त्यानंतर मुंग्यांकडे वळावे. कमरेस एक गाठ असल्यास डायकॅमा, मुंगळा किंवा विणकर मुंगी. दोन गाठी असल्यास फिडोल, क्रिमॅटोगॅस्टर वा ट्रायकोमिर्मेक्स यांची शक्यता असते. मोठ्या डोक्याच्या व लहान डोक्याच्या अशा दोन प्रकारच्या कामकरी मुंग्या एकत्र दिसणे हे फिडोलचे लक्षण होय. घरट्याशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण व दिनांक टिपावा आणि चार-पाच कामकरी मुंग्या अल्कोहॉलमध्ये ठेवाव्यात. केवळ घरट्याच्या आकारावरून जात निश्चित होत नाही.

महत्त्व : निफाड व दिंडोरी भागांतील द्राक्षबागांत हा भेद आर्थिक दृष्ट्याही महत्त्वाचा ठरतो. पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी काही मुंग्या त्याची राखण करतात व त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात. अशा मुंग्यांचा बंदोबस्त करावा लागतो. मात्र बांधावरील प्रत्येक घरट्यात वाळवीचे औषध ओतल्यास पिकावरील किडी खाणाऱ्या व माती भुसभुशीत करणाऱ्या मुंग्याही मरतात आणि पिठ्या ढेकूण तसाच राहतो. माळाची नांगरट व गवतास लावलेली आग यांमुळे तोंडाभोवतीच्या नाजूक रचना प्रथम नाहीशा होतात. पुठ्ठ्याचे घरटे तोडल्यास मुंग्यांबरोबर सुतार पक्ष्याची वीणही जाते. म्हणून घरटे न उकरता, बाहेरील खुणांवरूनच शक्य तेवढी ओळख करून घेणे इष्ट असते.