परक्याचा रविवार

निवृत्तीनंतर इतिहास-संशोधनासाठी मी काही महिने जर्मनीतील ग्योटिंगेन येथे राहिलो. सहकारी सौजन्यशील होते. परंतु घरी कोणी बोलावीत नसे. १९१९च्या वायमार राज्यघटनेने रविवारच्या विश्रांतीला दिलेले संरक्षण तेथे आजही कायम आहे; त्यामुळे त्या दिवशी बाजारही बंद. पुढे उमगले की, तेथे ज्याचा वाढदिवस त्यानेच सर्वांसाठी केक आणावयाचा. नवागतानेही पहिला पाहुणचार स्वतःच करावयाचा. मी केक नेला आणि पंधरा दिवसांनंतरच्या भोजनाचे आमंत्रण मिळाले.

आपल्याकडे पाहुण्याने बोलावण्याची वाट पाहावयाची असते. शासकीय सेवेत असताना परदेशी विद्यार्थ्यांच्या कित्येक फायलींवर मी सह्या केल्या. त्यांचा रविवार कसा जातो, हे मात्र एकालाही विचारले नाही.