घरी अंडी कशी उकडावीत? (पालक व शिक्षकांसाठी)



विषय बघून काहींना हसू येईल. अंडी उकडायला काय शिकायचं, पाण्यात टाकली की झालं! पण घरोघरी बघा. कुणाचं अंडं फुटून पाण्यात पांढरा फेस होतो, कुणाचं आत कच्चं राहतं, तर कुणाचा बलक बाहेरून हिरवट दिसतो आणि लेकरू "वास येतो" म्हणून ताट बाजूला सारतं. ज्या अंड्यातून लेकराला ताकद मिळायची, ते असं वाया जातं.

आज हा विषय घ्यायला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचं ठरवलं. जे अंडं खात नाहीत त्यांना केळी. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी बंद झाला आणि लोकसहभागातून देता आलं तर द्यावं, असं सांगण्यात आलं. म्हणजे आता लेकराच्या ताटात अंडं येणार की नाही, हे बरंचसं घरावर आणि गावावर आहे. मग जे अंडं येतं, ते तरी नीट शिजलेलं असावं.

अंड्यात असतं काय?

साधारण ५० ग्रॅमच्या एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वं असतात. क जीवनसत्त्व मात्र नसतं, म्हणून वर लिंबू पिळा किंवा सोबत टोमॅटोची फोड द्या.

तालमीतली मुलं कच्चं अंडं दुधात घालून पितात, ते बघून काही पालकही लेकरांना तसंच देतात. असं करू नका. कच्च्या अंड्यातली निम्मीच प्रथिनं शरीराला मिळतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास मिळतात. आणि कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्याने जुलाब-ताप येतो. लहान लेकरं आणि गरोदर बायका यांना पूर्ण शिजलेलंच अंडं द्यावं.

अंडं चांगलं आहे का, हे ओळखा

ग्लासभर पाण्यात अंडं सोडा. तळाला आडवं बसलं तर ताजं. उभं राहिलं तर थोडं जुनं, पण खाता येतं. वर तरंगलं तर वापरू नका. कारण सोपं आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. दिवस जातात तसं आतलं पाणी त्यातून उडतं, हवा आत शिरते आणि अंडं हलकं होतं. या छिद्रांमुळेच अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नयेत. कवचावरचा संरक्षक थर निघून जातो. उकडायच्या वेळी धुवा.

उकडण्याची कृती

१. अंडी फ्रीजमधली असतील तर १५-२० मिनिटं बाहेर ठेवा. एकदम गरम केली की कवच तडकतं.

२. पातेल्यात अंडी एका थरात ठेवा. वर दोन बोटं येईल एवढं साधं पाणी घाला. चमचाभर मीठ टाका. एखादं तडकलंच तर मिठामुळे पांढरा भाग लवकर घट्ट होतो, बाहेर फार सांडत नाही.

३. मध्यम आचेवर उकळी येऊ द्या. खळखळून उकळी आली की गॅस बारीक करा आणि आता घड्याळ बघा. पातेलं ठेवल्यापासून वेळ मोजायचा नाही. तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

४. उकळीनंतर १० ते १२ मिनिटं. छोटं गावरान अंडं असेल तर ९-१० मिनिटं पुरतात. आपलं उमरगा पठारावर, समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे. इथे पाणी शंभराला नाही, साधारण ९८ अंशांवर उकळतं. म्हणून पुस्तकातल्या वेळेपेक्षा अर्धा-एक मिनिट जास्त धरा.

५. गरम पाणी ओतून लगेच थंड पाण्यात टाका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तेव्हा माठातलं घ्या. दहा मिनिटं राहू द्या.

६. जाड टोकाकडून सोला, कारण हवेची पोकळी तिथेच असते. अगदी ताज्या अंड्याचं कवच चिकटतं. आठवडाभर जुनं अंडं सोलायला सोपं जातं.

बलक हिरवा का होतो?

जास्त वेळ उकडलं की पांढऱ्या भागातून गंधकाचा वायू निघतो. तो बलकातल्या लोहाला भेटतो आणि बलकाभोवती हिरवट-काळपट कडं तयार होतं. ते खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव आणि वास बिघडतो. वेळ पाळली आणि लगेच थंड केलं की हे होत नाही.

डब्यात द्यावं का?

उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तर एकच तास. सकाळी नऊला भरलेला डबा लेकरू एक वाजता उघडतं. तेव्हा अंडं डब्यात देण्यापेक्षा सकाळी निघताना किंवा संध्याकाळी घरी आल्यावर द्या. उरलेली अंडी न सोलता फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर चालतात.

शाळेत देणार असाल तर

लोकसहभागातून अंडी मिळाली तर मोठ्या पातेल्यात एकावर एक ढीग करू नका. मधली कच्ची राहतात. दोन-तीन खेपा करा आणि प्रत्येक खेपेला उकळीपासून नव्याने वेळ मोजा. मधल्या सुट्टीच्या थोडं आधीच उतरतील असं बघा. आणि केळी त्याच दिवशी, त्याच वेळी द्या. अंडं खाणारा आणि न खाणारा एकाच पंगतीत बसतो, कुणी कुणाला चिडवू नये. घरी अंडं चालत नसेल तर डाळ, हरभरे, शेंगदाणे, दूध यांतूनही प्रथिनं मिळतातच.

लेकरांना सोबत घ्या

गॅसजवळचं काम मोठ्यांनीच करायचं. पण ग्लासातली परीक्षा, उकळीची वेळ वहीत लिहिणं, दहा मिनिटं मोजणं हे तिसरी-चौथीचं लेकरू सहज करतं. एक उकडलेलं आणि एक कच्चं अंडं ताटात फिरवायला द्या. उकडलेलं भिंगरीसारखं गरगर फिरतं, कच्चं डुगडुगतं, कारण आतला द्रव मागे राहतो. "असं का झालं?" हा प्रश्न तेच विचारेल. उत्तर लगेच देऊ नका. आधी त्यालाच अंदाज करू द्या, मग दोन्ही फोडून दाखवा.

या आठवड्यात घरी करून बघा, आणि पालकसभेत इतरांनाही सांगा.