डिजिटल छापयंत्राची पारख

मंडळी, बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी बैलाच्या शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवतो आणि जमले तर औताला जुंपूनही पाहतो. आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे, ती बैलापेक्षा कितीतरी महाग आहे. पण ती घेताना पुष्कळ जण नुसता शिंगांचा रंगच पाहतात. ती वस्तू म्हणजे डिजिटल छापयंत्र.

तुम्ही म्हणाल, हा विषय छापखानेवाल्यांचा, आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन अशा तालुक्याच्या गावी एखादा शिकलेला मुलगा छापखाना काढायचा म्हणतो, तेव्हा त्यात बापाच्या जन्माची कमाई जाते, वर बँकेचा हप्ता लागतो. आणि त्या छापखान्यातून निघालेला कागद शेवटी तुमच्याच हाती येतो. मुलीची लग्नपत्रिका, शाळेचे प्रमाणपत्र, बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी, हे सारे तिथलेच.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा लागणारी शाईसुद्धा त्यांनी खटपट करून स्वतः तयार केली होती. पुढे खिळे जुळवणारे जुळारी आले, पायाने चालवायचे ट्रेडल आले. ट्रेडलचा एखादा भाग मोडला तर गावचा कारागीर तो जोडून देई. मग ऑफसेट आले. त्यात प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करावी लागते. रंगीत कामाला साधारणपणे चार.

डिजिटल यंत्रात प्लेट नाही. कोरड्या केसांवर कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून चिकटतात, हा खेळ शाळेत सर्वांनी केलेला आहे. त्याच विजेच्या ओढीने यंत्रातल्या ड्रमवर टोनर नावाची बारीक रंगीत भुकटी चिकटते, तिथून ती कागदावर जाते आणि उष्णता व दाब देऊन पक्की बसवली जाते. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली अमेरिकेत या तत्त्वावर पहिली प्रत काढली. या जातीची मोठी रंगीत छापयंत्रे बाजारात आली ती १९९३ च्या सुमारास. काही डिजिटल यंत्रे भुकटीऐवजी शाईचे बारीक थेंब उडवून छापतात. दोन्हींचा मोठा गुण एकच. प्लेट नसल्यामुळे प्रत्येक कागद वेगळा छापता येतो. गुरुजी, साठ मुलांची साठ नावे घातलेली साठ प्रमाणपत्रे एका दमात निघतात.

मग ऑफसेट मोडीत काढावे काय? मुळीच नाही. हिशेबापुरते असे धरा की, ऑफसेटला प्लेटा व जुळणीचा खर्च दोन हजार रुपये आणि पुढे प्रत्येक कागदाला एक रुपया येतो. डिजिटलला जुळणीचा खर्च नाही, पण कागदामागे सहा रुपये पडतात. तर ४०० कागदांना दोन्हीकडे सारखेच २४०० रुपये होतात. त्याखाली डिजिटल स्वस्त, त्यावर ऑफसेट स्वस्त. म्हणजे दोनशे पत्रिका इकडे आणि पाच हजार हँडबिले तिकडे. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण हे गणित स्वतःच्या दरांनी मांडल्याशिवाय यंत्र घेण्याच्या भानगडीत पडू नये. तुमच्याकडे येणारी बहुतेक कामे मोठ्या संख्येची असतील, तर तुम्हांला या यंत्राची गरजच नाही.

गरज आहे असे ठरले, की खरा प्रश्न येतो: कोणते यंत्र घ्यावे? विक्रेता सांगतो, मिनिटाला इतके कागद, इतके ठळक रंग. हे सारे शिंगांचे रंग. पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की यंत्र बंद पडले तर कोण येणार, कुठून येणार आणि किती वेळात येणार? गणपत कृष्णाजींनी शाई घरी केली; या यंत्राची भुकटी घरी होत नाही. त्याचा ड्रम गावच्या कारागिराला जोडता येत नाही. यंत्राचा विश्वासूपणा निम्मा यंत्रात असतो आणि निम्मा ते दुरुस्त करणाऱ्या माणसात. तो माणूस जालन्यात आहे, साठएक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात आहे, की पुण्याहून येणार आहे, हे आधी समजून घ्या.

बंद यंत्र काय खाते ते बघा. समजा, महिन्याचा हप्ता चाळीस हजार, चालवणाऱ्याचा पगार पंधरा हजार, जागा व वीज दहा हजार; एकूण ६५ हजार. कागद, भुकटी वजा जाऊन एका छापील कागदामागे पाच रुपये सुटतात असे धरले, तर नुसती तोंडमिळवणी करायला महिन्याला १३ हजार कागद छापावे लागतात. पंचवीस दिवस काम चालले तर रोजचे ५२०. आता यंत्र पाच दिवस बंद पडले, तर उरलेल्या वीस दिवसांत रोज ६५० कागद काढावे लागतील. हप्ता काही थांबत नाही. म्हणून दोन लाखांनी स्वस्त मिळालेले यंत्र दर महिन्याला पाच दिवस झोपत असेल, तर ते स्वस्त नव्हे.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट अधिकच खरी आहे. आपला हंगाम पाहा. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, निकालपत्रके त्याच सुमारास आणि खरिपाच्या बियाण्याची धांदल मे-जूनमध्ये. म्हणजे काम सर्वांत जास्त, ते उन्हाचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. हवा अगदी कोरडी असली की कागदात वीज साठते, दोन-दोन कागद एकमेकांना चिकटून आत जातात. जूनमध्ये पाऊस आला की तोच कागद ओल धरतो, वाकतो आणि त्यावर भुकटी सारखी बसत नाही. तेव्हा यंत्र हिवाळ्यात नीट चालले म्हणून भुलू नका. यंत्राच्या माहितीपत्रकात त्याला किती उष्णता व किती दमटपणा मानवतो ते दिलेले असते. तेवढे थंड व कोरडे ठेवलेले, धूळ न येणारे दालन तुम्हांला देता येईल का, हे आधी पाहा. कागदाची रिमे बांधलेलीच ठेवा, भिंत व जमीन यांपासून अलग फळीवर ठेवा, आणि छापण्याच्या आदल्या दिवशी यंत्राच्या दालनात आणून ठेवा. अर्थिंग पक्के हवे, वीज कमीजास्त झाली तर सांभाळणारे यंत्र हवे, आणि वीज गेल्यावर आतला कागद बाहेर येईपर्यंत पुरेल एवढा यूपीएसचा आधार हवा. या सर्वांचा खर्च यंत्राच्या किमतीत धरा. तो नंतर आठवला तर उशीर झालेला असतो.

बियाण्याच्या चिठ्ठीवर दोन शब्द बोललेच पाहिजेत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी काढली, तेव्हापासून जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. आज लहान बियाणे उत्पादकही पुष्कळ आहेत. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली पिशवीवर पीक, वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख अशी माहिती द्यावी लागते. प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी प्रमाणीकरण यंत्रणेकडून येते. सत्यतादर्शक बियाण्याची हिरवी चिठ्ठी उत्पादक स्वतः लावतो, आणि असे काम तालुक्याच्या छापखान्यात येऊ शकते. लॉट बदलला की आकडा बदलतो, म्हणून ते डिजिटल यंत्राला सोयीचे. पण उन्हाने किंवा ओल्या हाताने लॉट नंबर पुसला गेला, तर बियाणे न उगवल्यावर शेतकऱ्याने तक्रार करायची कशाच्या आधारावर? म्हणून छापणाऱ्याने ही चिठ्ठी पाण्यात बुडवून, उन्हात ठेवून, बोटाने घासून पाहावी. आणि शेतकरी बंधूंनी पिशवी, चिठ्ठी, पावती व थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे.

आता औताला जुंपून पाहण्याची रीत सांगतो. विक्रेत्याच्या दुकानात जाताना त्याचा नमुना पाहायला जाऊ नका. तुमचे काम घेऊन जा. तुम्ही वापरता तोच कागद न्या. त्यात एक जाड पत्रिकेचा कागद असू द्या. मराठी मजकुराचे एक पान न्या आणि त्यात जोडाक्षरे भरपूर घाला. जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर एक व युनिकोडमधला एक, असे दोन्ही न्या. ‘ऱ्या’, ‘ट्ट’, ‘क्ष्म’ जागच्या जागी येतात का, हे शिक्षकांच्या नजरेला चटकन दिसेल. एखाद्या शिक्षकाला बरोबरच घेऊन जा. मग न थांबता दोनशे प्रती काढायला सांगा. पहिली, शंभरावी आणि दोनशेवी प्रत शेजारी ठेवा. रंग सारखा आहे का? पाठपोट छापलेला कागद उजेडाकडे धरा. दोन्ही बाजूंच्या कडा जुळतात का? कागद दुमडा; घडीवर रंगाचे कपचे उडतात का? किती कागद अडकले ते मोजा. यंत्र थंड असताना सुरू करायला सांगून पहिला चांगला कागद यायला किती मिनिटे लागतात, तेही घड्याळावर पाहा.

त्यानंतर तेच यंत्र दोन-तीन वर्षे वापरणाऱ्या छापखान्यात जा. विक्रेत्याला बरोबर नेऊ नका. मालकाला एवढेच विचारा, “मागच्या मे महिन्यात किती दिवस बंद होते?” माहितीपत्रकात महिन्याला जास्तीत जास्त इतके कागद असा एक आकडा असतो, तो यंत्राच्या अंगातला शेवटचा जोर समजा. रोज झेपेल असा आकडा वेगळा असतो, तोच विचारा.

करार वाचल्याशिवाय सही करू नका. प्रत्येक छापाला जो दर आकारतात त्याला क्लिक म्हणतात. काही करारांत मोठ्या कागदाचे दोन क्लिक धरतात. त्या दरात भुकटी, ड्रम, फ्यूजर येतात की त्यांचे पैसे वेगळे? काम नसले तरी किमान बिल भरावे लागते का? तक्रार केल्यापासून किती तासांत माणूस येईल, आणि न आल्यास काय? तोंडी वचन कागदावर घ्या. वापरलेले यंत्र घेत असाल तर त्याचा काउंटर, दुरुस्तीची नोंदवही आणि सुटे भाग अजून मिळतात की नाही, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.

शेवटी एक सांगतो. तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक यंत्राचे नाव विचारत नाही. लग्न पाच दिवसांवर आले असता पत्रिका मिळाल्या का, एवढेच ते पाहते. मुहूर्त थांबत नाही, पेरणी थांबत नाही, शाळेचा निकालही थांबत नाही. ज्याचे यंत्र या तीन वेळांना उभे राहील, त्याचा छापखाना चालेल. मग ते यंत्र मिनिटाला दहा कागद कमी छापत असले तरी चालेल.