पटावरचे नाव आणि घरातली भाषा

राजस्थानच्या ग्रामीण भागात मुलींमध्ये 'धापू' हे नाव आढळते. 'धापणो' म्हणजे पोट भरणे, तृप्त होणे. मुलीचे नाव म्हणून त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होतो. मराठी वाचकाला ह्यामागचा भाव समजावून सांगण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींचा समारंभपूर्वक नामबदल झाला, तो त्यांना 'नकुशी'सारखी नावे ठेवण्यात आली होती म्हणूनच. अशा मुलीच्या बाबतीत शाळेचा पट हा पुष्कळदा तिचे नाव लिहिले जाण्याची पहिली जागा असतो. पटनोंदणी हा विषय आपण आजवर शिक्षणशास्त्राकडे सोपवून मोकळे झालो आहोत. वस्तुतः तो लेखनव्यवहाराचाही विषय आहे, आणि प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका विशिष्ट संस्थेच्या कार्याच्या आधारे करावयाचा आहे.

सफीना हुसैन ह्यांनी २००७ साली स्थापन केलेली 'एज्युकेट गर्ल्स' ही ती संस्था होय. पाली जिल्ह्यातील पन्नास शाळांत तिच्या कामाचा आरंभ झाला. पुढे राजस्थानातील इतर जिल्हे, मध्यप्रदेश, उत्तरप्रदेश आणि बिहार असा तिचा विस्तार होत गेला. २०२५ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिने स्वतःच्या शाळा काढल्या नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. शाळा सरकारीच, मुलींना तेथवर आणणे, तेथे टिकविणे आणि त्यांना वाचता येऊ लागेल असे पाहणे, एवढेच कार्य तिने पत्करले. २०११ च्या जनगणनेत राजस्थानातील पुरुषांची साक्षरता सुमारे ७९ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ५२ टक्के होती, हे लक्षात घेतले म्हणजे 'एवढेच' ह्या शब्दाचे वजन कळते.

ह्या कार्याचा कणा म्हणजे 'टीम बालिका' ह्या नावाने ओळखले जाणारे स्वयंसेवक. ते त्याच गावातील शिकलेले तरुण-तरुणी असतात. दारोदार फिरून शाळेबाहेरील मुलींची यादी करणे, आईबापांशी आणि घरातील वडीलधाऱ्यांशी बोलणे, ग्रामसभेत विषय काढणे, ही त्यांची कामे. मुलीला घरी ठेवण्याची कारणे सर्वत्र सारखी नसतात: कोठे धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे असते, कोठे शेळ्या राखावयाच्या असतात, कोठे लग्न ठरलेले असते. ही कारणे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापुढे उघड होत नाहीत. शेजारच्या घरातील मुलगी पाचव्यांदा दारात येऊन बसते तेव्हा ती बोलली जातात, आणि बोलली जातात ती अर्थातच गावच्या बोलीत.

संस्थेचे नाव जगभर झाले ते मात्र निराळ्या कारणाने. २०१५ ते २०१८ ह्या तीन वर्षांत भीलवाडा जिल्ह्यातील १६६ शाळांत तिने एका आर्थिक कराराखाली काम केले. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसा पुरवावयाचा. ठरलेले परिणाम साधले तर चिल्ड्रेन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने तो परताव्यासह द्यावयाचा. आणि परिणाम साधले की नाही हे आयडीइनसाइट ह्या तिसऱ्या संस्थेने ठरवावयाचे, अशी ती योजना होती. मोबदल्यातील ८० टक्के भार मुलांच्या शैक्षणिक प्रगतीवर आणि अवघा २० टक्के मुलींच्या पटनोंदणीवर ठेवलेला होता. अखेरीस नोंदणीचे उद्दिष्ट ११६ टक्के आणि प्रगतीचे १६० टक्के साधले गेले. यादीतील शाळाबाह्य मुलींपैकी ९२ टक्के मुली पटावर आल्या. दुसऱ्या वर्षाअखेर प्रगतीचा आकडा उद्दिष्टाच्या निम्म्याच्या आसपास अडखळला होता. तिसऱ्या वर्षी मुलांचे गट इयत्तेऐवजी कुवतीप्रमाणे पाडण्यात आले, गैरहजर मुलांच्या घरी जाण्यात आले, आणि चित्र पालटले. ह्या कराराची चर्चा अर्थकारणाच्या वर्तुळात पुष्कळ झाली आहे. परताव्याच्या आमिषाने शिक्षण सुधारावे ही कल्पना मला फारशी रुचत नाही. तथापि, केवळ पट फुगवून समाधान मानण्याची आपली जुनी सवय ह्या कराराने मोडली, हे मान्य केलेच पाहिजे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न ह्यापुढे सुरू होतो. प्रगती मोजली कशी? 'प्रथम' ह्या मुंबईत उगम पावलेल्या संस्थेच्या 'असर' चाचणीने. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा तिच्या वाचनाच्या पायऱ्या आहेत. भाषा हिंदी, जोडीला इंग्रजी आणि गणित. भीलवाड्यातील मुलीच्या घरातील भाषा मात्र मेवाडी. ती मुलाला 'टाबर' म्हणते, मुलीला 'छोरी' म्हणते. काळ्या रंगाला ती 'काळो' म्हणते, पिवळ्याला 'पीळो'. आपल्या मराठीप्रमाणे राजस्थानी बोलींतही 'ळ' नांदतो. प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत त्याला जागा नाही. म्हणजे अक्षराच्या पहिल्याच पायरीवर ह्या मुलीला स्वतःच्या तोंडातील एक वर्ण पाटीवर सापडत नाही. 'काळो' म्हणावयाचे आणि 'काला' वाचावयाचे, असा हा प्रवास आहे. मराठी मुलाखेरीज ह्यातील अडचण कोणाला अधिक चटकन कळेल?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, शक्य असेल तेथवर, मातृभाषेतून शिकवावे असे सांगितले आहे. परंतु राजस्थानात मातृभाषा कशाला म्हणावे ह्याचाच निर्णय झालेला नाही. साहित्य अकादमी राजस्थानीला स्वतंत्र साहित्यभाषा मानते. विजयदान देथा ह्यांना १९७४ साली पुरस्कार मिळाला तो राजस्थानी लेखनासाठीच. राज्याच्या विधानसभेने २००३ साली आठव्या अनुसूचीत समावेशाची मागणी करणारा ठरावही केला. समावेश अद्याप झालेला नाही. तेव्हा शाळेपुरती मेवाडी ही हिंदीचीच एक बोली ठरते, आणि बालिकेची अडचण ही भाषेची अडचण न राहता तिच्या बुद्धीची उणीव म्हणून नोंदली जाण्याचा धोका उत्पन्न होतो.

हा धोका प्रत्यक्षात काही अंशी टाळते ती टीम बालिका. संस्थेच्या अध्यापनसाहित्याला 'ज्ञान का पिटारा' म्हणतात (आपला 'पेटारा' तोच). त्यातील खेळ आणि चित्रपत्रे हिंदीत असली तरी ती हाताळणारी व्यक्ती गावची असते. ती 'काला' वाचून दाखविते आणि 'काळो' म्हणून समजावते. हे भाषांतरच होय. करारात ह्या कामाचे मोजमाप नाही; परंतु तिसऱ्या वर्षी जी झेप दिसली तिच्यात ह्या भाषांतराचा वाटा असावा, असा माझा तर्क आहे.

तुलनेसाठी एक जुने उदाहरण घेऊ. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. पहिल्या शाळेनंतर सात वर्षांत मराठीला एका मुलीचा स्वतःचा मजकूर मिळाला, आणि त्या शाळेविषयी आज आपण जे बोलतो त्याला त्या निबंधाने फार मोठा आधार दिला आहे. भीलवाड्याच्या प्रयोगातून सात हजारांहून अधिक मुलांचे गुण उपलब्ध झाले. 'गोष्ट' वाचू शकणारी मुलगी कोणती गोष्ट सांगू इच्छिते, ह्यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. तो त्या चाचणीचा हेतूच नव्हता, हे मी जाणतो. पण साहित्याच्या अभ्यासकांनी तो रकाना मागावयास हवा. दुसरे कोणी मागणार नाही.

शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. त्यापुढच्या, शाळा सुटलेल्या तरुणींसाठी संस्थेने अलीकडे 'प्रगती' हा उपक्रम हाती घेतला आहे. पंधरा ते एकोणतीस वयाच्या स्त्रिया गावातील शिबिरांत अभ्यास करून मुक्त विद्यालयाची परीक्षा देतात. ह्यांतील कित्येकींची लग्ने झालेली असतात, कडेवर मूल असते. विजयदान देथांनी 'बातां री फुलवाडी'साठी ज्यांच्या तोंडून कथा ऐकल्या त्यांत बोरुंदा गावच्या स्त्रियाही होत्या. शिबिरातील स्त्रिया आपसांत बोलतात ती भाषा तिचीच सख्खी बहीण. उत्तरे मात्र त्या हिंदीत लिहितात. ह्या स्त्रियांच्या वह्या कोणी जपून ठेवीत आहे का, ह्याची चौकशी आपल्यापैकी कोणीतरी जाऊन करावयास हवी.